पदरातली साखर

रेणुकाबाईच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे, आणि तिच्या हाताशिवाय निम्म्या गावाची सकाळ होत नसे. तेलंगणातल्या जैनथ मंडलातलं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाचं गाव. मोठा दवाखाना आदिलाबादला, आणि साखरेच्या आजाराची माणसं तर घरटी एक. डॉक्टर इन्शुलिन लिहून देत, पण स्वतःच्या पोटात सुई खुपसायची म्हटलं की बैलाला वेसण घालणाऱ्या गड्यांचेही हात लटपटायचे. मग एकच उपाय असे, बोलवा रेणुकाबाईले.

तिला स्वतःला हा आजार नवऱ्याच्या मागोमाग आला. नवरा गेला, पोरंबाळं नव्हतीच, आणि वर्षाच्या आत डॉक्टरनं सांगितलं की आता जन्मभर सुई. आदिलाबादच्या दवाखान्यातल्या एका तेलुगू नर्सबाईनं तिला शिकवलं. कातडीची चिमूट कशी धरायची, बाटली कशी फिरवायची, रोज जागा कशी बदलायची. रेणुकाबाई शाळेत फार गेली नव्हती, पण एकदा पाहिलेलं विसरायची नाही. हळूहळू शेजारणीला टोचलं, मग शेजारणीच्या दिराला, आणि बघता बघता तिचा फेराच ठरून गेला. गावात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून सगळ्यांच्या बाटल्या ती आपल्या घरी ओल्या रेतीत बसवलेल्या गाडग्यात ठेवी. कुणाची कोणती ते कळावं म्हणून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा. कुसुमबाईचा हिरवा.

सुई दुखत नसे, तिची जीभ दुखायची. "लग्नात बुंदी हाणली ना? काऊन खोटं बोलता? तोंडच सांगून राह्यलं तुमचं." म्हातारे असोत की पाटील, सगळ्यांना एकच माप. "साखर म्हंजे इख हाय, इख!" हे वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं की गावातली पोरं खेळताना तिची नक्कल करायची.

आता खरी गोष्ट अशी, की नर्सबाईनं तिला अर्धं नव्हे, पूर्ण शिकवलं होतं. चढलेली साखर माणसाला वर्षानुवर्षं पोखरते, पण उतरलेली साखर संध्याकाळपर्यंतही थांबत नाही. सुई घेतली आणि पोटात अन्न गेलं नाही, तर घाम सुटतो, अंग थरथरतं, माणूस भलतंच बोलायला लागतं आणि मग पडतं. अशा वेळी पहिलं काम म्हणजे शुद्धीवर आहे तोवर तोंडात साखर. म्हणून ती नर्सबाई सुई हातात घेण्याआधी प्रत्येकाला विचारायची, "तिन्नावा?" म्हणजे जेवलास का, काही खाल्लंस का. आणि म्हणूनच रेणुकाबाईच्या पदराला साखरेची एक गाठ कायम असे.

हे तिनं सुरुवातीला सगळ्यांना सांगितलंही होतं. पण पंढरी नावाच्या एका बहाद्दरानं घात केला. जैनथच्या जत्रेत तो जिलबीच्या दुकानासमोर पातेल्याएवढं तोंड करून बसलेला तिला सापडला. "काकू, साखर उतरल्यावाणी वाटली, म्हनून..." म्हणाला. झालं! त्या महिन्यात गावातल्या सगळ्यांचीच साखर उतरायला लागली. नेमकी बारशाच्या पंगतीत उतरायची, पेढे वाटताना उतरायची. रेणुकाबाई भडकली. माकडाच्या हाती कोलीत द्यायचंच कशाला, असं म्हणून तिनं तो विषयच बंद करून टाकला. साखर म्हणजे विष, आणि सुईनंतर अर्ध्या घंट्यात भाकर खायची. एवढंच सांगायचं. का खायची, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. शहाणपणा केला असं तिला वाटलं.

कुसुमबाई तिची चुलत जाऊ, तीन घरं सोडून राहणारी. सुधाकररावांची बायको. वयानं मोठी, पण रेणुकाबाईच्या तोंडाळपणावर हसणारी गावातली ती एकटीच बाई. रेणुका विधवा झाली तेव्हा हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना, तर कुसुमबाईनं आपल्या घरी बोलावून वाण दिलं होतं. "कुंकू नसन लावाचं त नोको लावू, पण बसाले काय झालं तुले?" हे रेणुकाबाई विसरली नव्हती. सगळ्या गावाला ती सुई टोचून उठायची, कुसुमबाईकडे मात्र टेकायची.

त्या दिवशीही टेकली होती. वैशाखातली सकाळ, सूर्य उगवतानाच तापलेला. कुसुमबाई चुलीपाशी बसूनच पोटावरचं लुगडं सरकवून म्हणाली, "टोच बाई, पीठ वाळून राह्यलं."

"टोचते. पन मंग लगेच खाजा, बाई."

"खाते न माय. भाकर तव्यावरच हाय. हे गोठ्यातून आले, त्याईनं खाल्ली का मी बसते."

नवऱ्याच्या आधी घास घ्यायचा नाही हे कुसुमबाईचं व्रत होतं. रेणुकाबाईनं त्यावरून नेहमीसारखं एक वाक्य फेकलं, कुसुमबाई नेहमीसारखी हसली. रेणुकाबाई पुढच्या गल्लीत पोचते न पोचते तोच मागून हंबरडा ऐकू आला. सुधाकरराव गोठ्यात बैलाला पाणी दाखवताना जे खाली बसले ते उठलेच नाहीत.

मयत घरात असली की भावकीत चूल पेटत नाही, आणि पेटलेली असेल तर विझवतात. कुणीतरी कुसुमबाईच्या चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. तव्यावरची भाकर एका बाजूनं करपली होती, ती कुत्र्यापुढे टाकली. कुत्र्यानं खाल्ली. आता मयत उठून, लोक नदीवरून परत येऊन, कडुलिंबाचा पाला चावून बसतील, सोयऱ्यांकडून पिठलं-भाकर येईल, तेव्हा कुठे पोटात अन्न. रीत आहे, आणि एरवी त्यात कुणी मरत नाही. सकाळी गेलेला माणूस दुपारच्या आत उठतो.

पण सुधाकररावांचा एकुलता एक मुलगा जयदीप हैदराबादला नोकरीत. फोनवर तो धाय मोकलून रडला आणि म्हणाला, "मी येईपर्यंत उठवू नका." उठवणार तरी कसं? अग्नी त्याचाच. उन्हानं घात होऊ नये म्हणून आदिलाबादहून मयत ठेवायची थंडगार पेटी आणली. सुधाकरराव तिच्यात गारव्याला निजले, आणि जिवंत माणसं बाहेर पत्र्याखाली भाजत बसली.

रेणुकाबाईनं पहिल्यांदा स्वतःचं पाहिलं. तिनं फेऱ्याला निघण्याआधीच सुई घेतली होती. ती मागच्या दारानं घरी गेली, दार लोटलं आणि रात्रीची शिळी भाकर चटणीशी उभ्या उभ्या गिळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती खात होती. सुतक माणसाला असतं, इन्शुलिनला नसतं. मग तोंड धुऊन ती परत आली आणि कुसुमबाईला खेटून बसली.

पदराची गाठ सोडत ती कानात म्हणाली, "बाई, सुई पडली हाय तुमाले. हे तोंडात टाका. कोनाले दिसत नाई."

कुसुमबाईनं मुठीतली साखर पाहिली आणि तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं चोरी करायला सांगितलं. "ते समोर पडले अन् मी साखर खाऊ? डोस्कं फिरलं काय तुहं?"

"उपाशीपोटी सुईनं साखर उतरते, बाई. मानूस जाते त्याच्यानं."

"साखर त इख मनते न तू?" कुसुमबाई रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाली. "आजलोक कधी नाई सांगतलं तू हे."

इतक्या वर्षांची शिकवण कानातल्या कुजबुजीत कशी उलटी फिरवायची? ती पंढरीची जिलबी सांगणार होती का मयतीपुढे? तिनं साखरेची मूठ मिटून घेतली. ती वेळ कुसुमबाईच्या शुद्धीची शेवटची वेळ होती, आणि हे कळण्याइतकं ज्ञान त्या सगळ्या गर्दीत एकट्या तिलाच होतं.

ऊन डोक्यावर आलं. कुसुमबाईच्या कपाळावरून घाम गळायला लागला. सगळ्यांनाच घाम येत होता, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. मग तिचे हात थरथरायला लागले. बायका म्हणाल्या, दुःखानं बाई आतून हलली. मग ती पेटीच्या काचेवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "अवो, भाकर उलथा ना. जळून राह्यली." एवढं ऐकल्यावर तर रडण्याचा असा कल्लोळ उठला की विचारू नका. काय जीव होता एकमेकांवर! पदरांनी डोळे पुसले गेले. सगळ्यांना प्रेम दिसलं. रेणुकाबाईला साखर उतरलेली दिसली.

तिनं मूठ उघडली आणि थेट कुसुमबाईच्या ओठांशी नेली. तेवढ्यात मनगटावर झडप पडली. चंद्रभागाबाई, भावकीतली सगळ्यात वडीलधारी सासू. ऐंशीच्या घरात, पण पकड सांडशीसारखी.

"काय करून राह्यली व? मयतीपुढं तिचं तोंड गोड करते?"

"आत्याबाई, तिनं सकाळी सुई घेतली. पोटात कन नाई. साखर नाई भेटली त मरते ती!"

"साखरेच्या बिमारीले साखर?" चंद्रभागाबाईनं सगळ्या बायकांकडे पाहिलं. "रोज त इख-इख करून गाव डोस्क्यावर घेते. तुहा नवरा मेला तवा तू खाल्ली होती काय साखर?"

झटापटीत साखर शेणानं सारवलेल्या भुईवर सांडली. ती वेचायला रेणुकाबाई वाकली, तर बायका कुजबुजल्या की हिलाच काहीतरी झालं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना जे शिकवलं होतं तेच त्या म्हणत होत्या.

मग तिनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. बाहेर पुरुषांत गेली. चंद्रभागाबाईचा मुलगा व्यंकटराव हा भावकीचा कारभारी, नात्यानं तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. भासऱ्यापुढे डोईवरचा पदर खाली यायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही, असा तिचा पस्तीस वर्षांचा नेम. ती तशीच उघड्या डोक्यानं त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादाजी, गाडी करा. कुसुमबाईले दवाखान्यात न्या. आत्ता."

व्यंकटराव वाईट माणूस नव्हता. तो आधी लाजला, मग चिडला, मग समजुतीनं बोलला. "जयदीपच्या गाडीनं निर्मल गाव सोडलं. पोचतेच आता. बापाचं तोंड मायलेकरं सोबत पाहतीन, मंग लगेच नेऊ. नवऱ्याची मयत दारात अन् बायकोले गाडीत घालून धाडली, असं कोठी झालं हाय?"

तिनं स्वतःच्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली आणि परत आत गेली. चंद्रभागाबाई उन्हानं कोमेजून भिंतीला टेकली होती. रेणुकाबाईनं गाठीच्या तळाशी उरलेली साखर बोटाला लावली आणि कुसुमबाईचे ओठ उघडले. पण आता दात गच्च मिटले होते. तिनं ती साखर गालाच्या आतून, हिरड्यांवरून चोळली. बाळाला घुटी देतात तसं ती बोट फिरवत राहिली आणि कान रस्त्याकडे लावून बसली.

अँब्युलन्स आली होती. गल्लीच्या तोंडाशी लाकडं रचत बसलेल्या लोकांना ड्रायव्हरनं तेलुगूत विचारलं, पेशंट कुठं आहे. लोकांनी पेटीकडे हात केला आणि म्हणाले, उशीर झाला भाऊ, माणूस सकाळीच गेला. ड्रायव्हरनं हात जोडले आणि गाडी वळवली. हे रेणुकाबाईला तिसऱ्या दिवशी कळलं. सांगणाऱ्यानं सहज म्हणून सांगितलं, की पाहा, सुधाकररावांसाठी कुणीतरी गाडीसुद्धा बोलावली होती, पण काळ आला होता.

जयदीप आला तो सरळ बापाच्या पेटीवर कोसळला. सगळे त्याला सावरायला धावले. आईला पाहायला म्हणून तो वळला, तेव्हा रेणुकाबाईच्या मांडीवरचं कुसुमबाईचं डोकं एका बाजूला कललं होतं.

चंद्रभागाबाई पुढे सरसावली. नाकाशी हात धरला आणि मोठ्यानं ओरडली, "गेली! नवऱ्यासंग गेली! कुंकू पुसाच्या आंधी गेली!"

आणि त्या एका क्षणात घराचा रंग पालटला. रडणं थांबलं नाही, पण त्याचा सूर बदलला. बायका कुसुमबाईच्या पायांवर डोकं ठेवायला लागल्या. कुणी हिरवं लुगडं आणलं, कुणी बांगड्या, कुणी मळवट भरला. भावकीतल्या पोरीबाळींना पुढे ढकललं, पाया पडा, असं भाग्य सगळ्यांना मिळत नाही. रेणुकाबाईच्या मांडीवरून तिला उचललं. विधवेनं सवाष्णीला धरून बसणं बरं दिसत नव्हतं.

लोक नदीवरून परत आले, कडुलिंबाचा पाला चावला आणि मग पिठलं-भाकर जेवले. भुकेले होते, चांगलेच जेवले.

रेणुकाबाई वाट पाहत होती की कुणीतरी तिला दोष देईल. सुईनं मारली म्हणेल, पोलिसात जाईल, निदान दोन शिव्या देईल. दोष कुणी दिला नाही. दहाव्याला जयदीप एकटा ओसरीवर बसलेला पाहून तीच गेली.

"जयदीप, तुही माय भुकेनं मेली बापू. सुई घेतल्यावर तिच्या पोटात घास नाई गेला. साखर उतरून मेली. अन् साखर उतरते हे म्या तिले कधी सांगतलं नव्हतं."

जयदीप शिकलेला. त्याच्या हैदराबादच्या घरी साखर मोजायचं यंत्र होतं, सासऱ्याला हाच आजार होता. त्याला एका वाक्यात सगळं समजलं, हे तिला त्याच्या तोंडावर दिसलं. तो अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"म्हणजे माझी वाट पाहत होते म्हणून..." तो थांबला. मग गावच्या बोलीवर येऊन हळूच म्हणाला, "काकू, हे कोनाले नोका सांगू. आई बाबांसंग गेली. लोकं मनतात तेच राहू द्या. मले पुढं जगाचं हाय."

तिला राग आला आणि त्याची कीवही आली, आणि दोन्हींचं काही करता आलं नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही असं मात्र नाही. फेरा तर बंद करता येत नव्हता, लोकांना सुई हवीच होती. पण आता ती आधी विचारायची, "तिन्नावा?" ताट समोर आल्याशिवाय सुई काढायची नाही. साखर चढली तर काय आणि उतरली तर काय, दोन्ही सांगायची, आणि प्रत्येकाच्या उशाशी गुळाचा खडा ठेवायला लावायची. पंढरीनं जिलबी खायची तर खावी मेल्यानं. आणि उतरल्यावर माणूस मरतं, कुसुमबाई तशीच मेली, असं ती सांगायला लागली की लोक कानाला हात लावायचे. एक म्हातारी तर म्हणाली, "कुसुमबाईसारखं मरन आलं त सोनंच, माय. उतरू दे मंग."

गाडग्यात ओल्या रेतीत हिरव्या दोऱ्याची बाटली तशीच होती. मुदत संपून गेली तरी रेणुकाबाईनं ती काढली नाही.

वर्षश्राद्धाला जयदीपनं नदीकाठी, जिथे दोघांना अग्नी दिला तिथे, फरशीचा ओटा बांधला. वर दोघांची नावं आणि पावलांच्या दोन जोड्या. शेजारच्या गावांतूनही बायका ओटी भरायला आल्या. नव्या नवऱ्या आल्या, नवसाच्या आल्या. पुढे बसायचा मान चंद्रभागाबाईचा. तिच्या मांडीवर पितळी ताट होतं आणि रांगेतल्या प्रत्येकीच्या तळहातावर ती प्रसाद ठेवत होती.

प्रसाद साखरेचा होता.

रेणुकाबाईची पाळी आली. चंद्रभागाबाईनं वर पाहिलं. तिची दृष्टी आता अधू झाली होती, पण हात ओळखला. आवाजात माया होती, खोटी नव्हती. "घे बाई. तुले बिमारी हाय, ठाऊक हाय मले. पन कुसुमची साखर हाय, बाधत नाई."

रेणुकाबाईनं तळहाताकडे पाहिलं. चमचाभर असेल.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्या दिवशी एवढीच होती माह्या मुठीत."

मागच्या बायका ढकलत होत्या. चंद्रभागाबाईला ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं मान डोलावली, मोठ्या भाग्याची होती म्हणाली, आणि पुढच्या हातावर साखर ठेवली.